जावक क्रमांक सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र छापून आलं. ज्यानं वर्षानुवर्षं सरकारची वकिली केली त्याला न्यायाधीश करूच नये, असा त्याचा मथितार्थ. आमच्या गावी पेपर पाणठेल्यावर येतो, तिथं ते पत्र मोठ्यानं वाचलं गेलं. ठेलेवाल्यानं खर्रा घोटता घोटता निकालही देऊन टाकला, "सरकारचा वकील म्हंजे सरकारचाच माणूस. थो काय कास्तकाराकून बोलते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही, तर मंडळी माझ्याकडे पाहू लागली. कोर्टाचा विषय निघाला की गावात मला विचारायची पद्धत आहे, कारण मी दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षं बेलिफ होतो. वकील नाही, न्यायाधीश तर नाहीच. समन्स, नोटिसा आणि जप्तीची वॉरंटं पिशवीत घालून खारपाणपट्ट्यातल्या चिकट काळ्या मातीत चपला हातात धरून फिरणारा माणूस. शकुंतला ही आमच्याकडची छोटी रेल्वे चालू होती तोवर बनोसा स्टेशनावरून तिनं जायचो, नंतर सायकलनं, शेवटी मोटारसायकलनं. त्या दिवशी ठेल्यावर मला नीट बोलता आलं नाही. म्हणून घरी येऊन हे लिहितो आहे.

आधी ज्यांच्यावरून हा विषय निघाला त्यांच्याबद्दल. २४ नोव्हेंबर २०२५ ला न्या. सूर्य कांत देशाचे त्रेपन्नावे सरन्यायाधीश झाले. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातलं पेटवाड हे त्यांचं गाव, वडील संस्कृतचे शिक्षक. दहावीच्या परीक्षेला हांसीला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शहर पाहिलं, असं वाचलं. रोहतकच्या विद्यापीठातून १९८४ मध्ये कायद्याची पदवी घेतली, हिसारच्या जिल्हा कोर्टात वकिली सुरू केली आणि पुढल्याच वर्षी चंडीगड गाठलं. ७ जुलै २००० ला ते हरियाणाचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, झाले तेव्हा वय होतं अडतीस. ९ जानेवारी २००४ ला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. मधे दुसरं काही नाही. सरकारच्या बाजूचं टेबल सोडलं आणि वरच्या खुर्चीवर जाऊन बसले. पत्रलेखकाचा आक्षेप नेमका या उडीवर आहे.

आक्षेप अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. संविधानाच्या कलम १६५ नुसार महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. मर्जी राज्यपालांची म्हणायची, चालते मंत्रिमंडळाची. सरकार बदललं की महाधिवक्ता बदलतो, हे आपण महाराष्ट्रातही पाहतो. विधानसभेत जाऊन बोलायचा अधिकार त्याला आहे, मत द्यायचा नाही. आणि त्याच कलमात लिहिलंय की उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायची पात्रता असलेल्यालाच महाधिवक्ता नेमावं. म्हणजे ज्यांनी संविधान लिहिलं त्यांनी ही दोन्ही माणसं एकाच मापानं मोजलेली आहेत. आता मापात बसलेला माणूस सरळ निघेल की वाकडा, हे काही कलमात लिहून ठेवता येत नाही.

पण ही वाट काही हरियाणात निघालेली नाही. आपल्या नागपुरात ती ऐंशी वर्षांपूर्वीची आहे, आणि हे आपल्याकडच्या तरुण वकिलांनाही फारसं ठाऊक नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे पहिले साहेब नागपूरच्या लॉ कॉलेजचे. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना ते मोहम्मद हिदायतुल्लांच्या गोष्टी सांगायचे, स्वतः पाहून आल्यासारख्या. हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी शाळेतले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. पुढं केंब्रिजला गेले, बॅरिस्टर होऊन १९३० ला नागपुरात परतले. वकिलीही केली आणि लॉ कॉलेजात शिकवलंही. डिसेंबर १९४२ मध्ये सरकारी वकील झाले आणि २ ऑगस्ट १९४३ ला मध्यप्रांत-वऱ्हाडचे महाधिवक्ता. वय सदतीस. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं हे लक्षात घ्या. छोडो भारत होऊन वर्ष झालेलं. म्हणजे सरकारचा वकील हा शब्द आज जितका टोचतो त्याच्या दसपट तेव्हा टोचत असणार. जून १९४६ मध्ये त्यांना नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश केलं, १९५४ ला तिथलेच मुख्य न्यायमूर्ती झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, आपलं हायकोर्ट मोडलं आणि इथं मुंबईचं खंडपीठ बसलं. हिदायतुल्ला जबलपूरला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून गेले. १९५८ ला सर्वोच्च न्यायालय आणि १९६८ ते १९७० सरन्यायाधीश. १९६९ मध्ये महिनाभर हंगामी राष्ट्रपतीही झाले आणि ते संपल्यावर परत कोर्टात येऊन खटले ऐकू लागले. त्या सिव्हिल लाइन्सच्या दगडी इमारतीत मी कितीदा मिसलांचे गठ्ठे पोचवले, पण इथं हा माणूस सरकारतर्फे उभा राहिला होता, हे तेव्हा कधी मनात आलं नाही.

आता सरकारचा हा माजी वकील सरकारपुढं कसा वागला? १९६४ ला सज्जनसिंग खटल्यात प्रश्न आला की संसदेला मूलभूत हक्क कापता येतात का. बहुमत म्हणालं, येतात. हिदायतुल्लांनी त्याबद्दल उघड शंका लिहून ठेवली; मूलभूत हक्क म्हणजे विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं आहे असं मानणं कठीण आहे, अशा अर्थाचं. तीन वर्षांनी गोलकनाथच्या निकालात, संसदेला हे हक्क कापता येत नाहीत, असं सहा विरुद्ध पाच मतांनी ठरलं, त्या सहांत ते होते. (त्या खटल्यातली जमीन पंजाबातल्या एका कुटुंबाची पाचशे एकर होती, तीन एकरवाल्याची नव्हती, हेही सांगून ठेवतो. हक्कांचे मोठे निकाल पुष्कळदा मोठ्या वावरांवरूनच लागतात.) आणि १९६६ चा मिरजकर खटला तर आपल्यासारख्या संपादकांनी विसरू नये असा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं एका साक्षीदाराची साक्ष वर्तमानपत्रांनी छापू नये असा हुकूम दिला होता. नऊ न्यायाधीश बसले, आठांनी हुकूम उचलून धरला. हिदायतुल्ला एकटे म्हणाले की न्यायाधीशाच्या हुकमानंही नागरिकाचा हक्क मोडू शकतो. आयुष्यातली साडेतीन वर्षं सरकारी वकील म्हणून काढलेला माणूस आठांसमोर एकटा. ठेल्यावर हे सांगायचं राहून गेलं.

पण मोठी नावं सांगून पाणठेला ऐकत नाही, आणि मलाही जे पटलंय ते काही पुस्तकातून पटलेलं नाही. ते पटलं एका खुर्चीवरून.

भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचं प्रकरण होतं. पाच कास्तकार. जुन्या १८९४ च्या कायद्यातल्या कलम १८ खाली ते कोर्टात गेले, जिंकले, सरकारनं पैसे भरले नाहीत. कायदा असा की वाढलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं दरवर्षी १५ टक्के व्याज. बँकही देत नाही एवढं. सरकार जितके दिवस गप्प बसतं तितकी रक्कम फुगते, आणि ती शेवटी आपल्याच खिशातून जाते. कोर्टानं जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट काढलं आणि ते माझ्या पिशवीत आलं. एका तालुक्याच्या ठिकाणी, एका साहेबांच्या कार्यालयात मी दोन पंच आणि त्या पाचांपैकी एका म्हाताऱ्याला घेऊन गेलो. साहेब मोठे सभ्य. वॉरंट वाचलं आणि स्वतःच खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले. खुर्चीवर पांढरा टॉवेल होता, तो शिपायानं घडी करून काखेत घेतला. मी पंचनामा लिहायला लागलो: फिरती खुर्ची, काळी, एक, डाव्या हाताचं रेक्झिन फाटलेलं. टेबल, एक. छताचा पंखा, दोन. म्हातारा खुर्चीवरून नुसता हात फिरवत होता. मला हळूच म्हणाला, "बसू काय भाऊ एकडाव?" मी मान हलवून नाही म्हटलं. आजही वाटतं, बसू द्यायला पाहिजे होतं.

तेवढ्यात सरकारी वकील स्कूटरवरून आले. उन्हाचे दिवस, काळा कोट पाठीला चिकटलेला. हातात मुदतीचा अर्ज. कोर्टातून चौदा दिवस मिळवून आणले होते. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. वकील मात्र हसले नाहीत. साहेबांना कोपऱ्यात नेऊन दबक्या आवाजात म्हणाले, आणि मी दोन हातांवर होतो म्हणून ऐकू आलं, "साहेब, पैसे भरा म्हणून तुमच्या विभागाला मी तीन पत्रं दिलीत. एकाचंही उत्तर नाही. आता परत कोर्टात जाऊन मी काय तोंड दाखवू?" साहेब म्हणाले, फाइल वर गेलीय. वकील म्हणाले, "मला माहीत आहे ती कुठं आहे. ती गेलीच नाही."

खुर्ची सुपुर्दनाम्यावर तिथंच सोडून आम्ही परतलो. पैसे चार महिन्यांनी आले.

तेच वकील काही वर्षांनी परीक्षा देऊन जिल्हा न्यायाधीश झाले. माझी बदली योगायोगानं त्यांच्याच कोर्टात झाली. तेव्हाही कास्तकार मंडळी आमच्या नाझरच्या खोलीबाहेर कुजबुजायची, हे तर सरकारचे वकील होते, आता आपलं काही खरं नाही. पहिल्याच महिन्यात अशाच एका वसुलीच्या दरखास्तीत सरकारतर्फे मुदत मागितली गेली. नेहमीचं वाक्य: विभागाकडून सूचना अप्राप्त. इतर साहेब हे ऐकून पुढची तारीख द्यायचे. यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "विभागाला पत्र दिलं?" दिलं, साहेब. "किती तारखेला?" नव्या सरकारी वकिलानं फाइल चाळली. "जावक क्रमांक सांगा." कोर्टात शांतता. जावक क्रमांक नव्हताच, कारण पत्रच गेलं नव्हतं. साहेबांनी तिथंच रोजनाम्यात लिहवलं की पुढच्या तारखेला विभागाचा अधिकारी स्वतः जावक नोंदवही घेऊन हजर राहील. तीन आठवड्यांत धनादेश आला. एका कास्तकाराचा वकील बाहेर येऊन म्हणाला, हा प्रश्न मला वीस वर्षांत सुचला नाही.

सुचणार कसा? सरकारच्या गोधडीला कुठं भोक आहे हे ती पांघरून झोपलेल्यालाच कळतं.

म्हणून पाणठेल्याचा सिद्धांत मला मान्य नाही. आणि याच्या खुणा मोठ्या निकालांतही दिसतात. आपल्या दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे माजी सरन्यायाधीश भूषण गवई. मुंबईत १९८५ ला वकिली सुरू केली ती बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे, जे स्वतः महाधिवक्ता आणि पुढं उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले. म्हणजे शाळाच ती. नंतर नागपूर खंडपीठात गवई सहायक सरकारी वकील, आणि १७ जानेवारी २००० पासून मुख्य सरकारी वकील. नोव्हेंबर २००३ ला न्यायाधीश. सूर्य कांत आणि ते एकाच दिवशी, २४ मे २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ नोव्हेंबर २०२४ ला गवई आणि विश्वनाथन यांनी बुलडोझरचा निकाल दिला. विश्वनाथनही एकेकाळी केंद्राचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल. तो निकाल मी बेलिफाच्या डोळ्यांनी वाचला. घर पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं, शिवाय बांधकामावर दिसेल अशी चिकटवायची. आणि मागची तारीख टाकून नोटीस बनवली असा आरोप नको म्हणून त्याच वेळी जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल करायचा आणि त्याची पोच घ्यायची. नियम मोडून पाडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. मागची तारीख कशी पडते हे ज्यानं सरकारी फाइली जवळून पाहिल्यात त्यालाच असं लिहायला सुचतं. मी स्वतः शेकडो नोटिसा दारांवर डकवल्या आहेत. कोणत्या खरंच डकवल्या जातात आणि कोणत्या फक्त कागदावर, ते मला विचारा. नको, विचारू नका.

सगळंच गोड आहे असं सांगायला मी बसलेलो नाही. नोटाबंदी कायदेशीर होती असा बहुमताचा निकाल २ जानेवारी २०२३ ला लागला तोही गवईंनीच लिहिला, विरोधात एकट्या न्या. नागरत्ना. कापसाच्या ऐन चुकाऱ्यात त्या नोटाबंदीनं आमच्या भागात काय केलं हे मी पाहिलंय, बँकेच्या रांगेत तीन दिवस मीही उभा होतो. तो निकाल मला पटलेला नाही. पण तो सरकारी वकिलीमुळं तसा लागला असं म्हणायचं, तर बुलडोझरच्या निकालाचं काय करायचं? आणि सूर्य कांत यांचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये डेरा सच्चा सौदाच्या राम रहीमला दोषी ठरवल्यावर पंचकुला पेटलं तेव्हा हरियाणा सरकारला ज्या पूर्णपीठानं झापलं, त्यात तेही होते. ज्या राज्याची बाजू मांडली त्याच राज्याला. एकेका निकालावरून माणसाचं गणित मांडता येत नाही, तसं एकेका पदावरूनही नाही.

माझा स्वतःचा संशय वेगळ्या ठिकाणी आहे. माणूस सरकारकडून आला यापेक्षा निवृत्तीनंतर सरकारकडे जाणार आहे का, याकडे मी पाहीन. गवईंनी जुलै २०२५ मध्ये गावी आल्यावर सांगितलं की निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही. त्याच दौऱ्यात दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, मी मागच्या बाजूला उभा होतो. खुर्ची डोक्यात गेली की सेवा उरत नाही, पाप होतं, अशा अर्थाचं ते काही बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ती डाव्या हाताचं रेक्झिन फाटलेली खुर्ची आली.

पत्रलेखकाला माझी एकच सूचना. सरकारी वकिलाला न्यायाधीश करू नका म्हणण्यापेक्षा, तो सरकारी वकील असतानाच सरकारनं त्याचं ऐकावं यासाठी लिहा. खालच्या कोर्टाचा निकाल लागला की सरकारी वकील मत देतो, हे अपील करण्याजोगं आहे की नाही. ते मत फाइलीत राहतं आणि अपील तरीही होतं, कारण अपील केलं नाही तर नाव कुणाच्या तरी सहीवर येतं. माझ्या धाकट्या भावाचं १ हेक्टर २१ आर वावर कालव्यात गेलं. विभागानं हेक्टरी ५५ हजार धरले, कोर्टानं १ लाख ४० हजार दिले. फरक मूळ रकमेत लाखभराचा. अपील करू नये असं सरकारी वकिलानं लिहून दिलं होतं, हे त्यांच्याच कारकुनानं मला सांगितलं. अपील झालं. निम्मी रक्कम भावानं हमीवर उचलली, तिच्यात पोरीचं लग्न झालं. उरलेली निम्मी अजून वर अडकलेली, पंधरा वर्षं होत आली.

पुढच्या महिन्यात तारीख लागली आहे. भावाला गुडघ्यानं चालवत नाही, म्हणून मीच जाईन. सरकारतर्फे या वेळी कोण उभं राहणार ते कळलेलं नाही. जुने वकील बदलले आहेत म्हणतात, आणि नव्यांना फाइल मिळाली की नाही हे तिथं गेल्यावरच समजेल.

कृपया नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
ता. दर्यापूर, जि. अमरावती